यात्रेची नाडी

आषाढी एकादशी जवळ आली, म्हणजे पंढरीच्या वाटा माणसांनी फुलून जातात. आळंदीहून ज्ञानेश्वरमहाराजांची आणि देहूहून तुकाराममहाराजांची पालखी निघते. तिच्यामागे गावोगावच्या दिंड्या ऊनपाऊस अंगावर घेत दोन अडीच आठवडे चालत राहतात. गोदावरीच्या काठी नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. प्रयागला त्रिवेणीसंगमावर कुंभमेळ्यासाठी काही आठवड्यांपुरते एक अवाढव्य नगरच वसते. अरबस्तानात मक्केला दरवर्षी जगाच्या कानाकोपऱ्यांतून हजयात्री येतात. ऑलिंपिकसारख्या क्रीडामहोत्सवांना देशोदेशींचे प्रेक्षक लोटतात. स्थळ निराळे, हेतू निराळा, भाषा निराळी; परंतु एक गोष्ट या सर्वांना समान असते. थोड्या जागेत, थोड्या दिवसांत, एकमेकांस अपरिचित अशी असंख्य माणसे एकत्र येतात आणि पुन्हा आपापल्या घरी परततात.

अशा मेळाव्यांना जागतिक आरोग्य संघटनेने एक विशेष नाव देऊन त्यांची व्याख्या केली आहे. ती व्याख्या मोठी मार्मिक आहे. किती माणसे जमली म्हणजे त्याला महामेळावा म्हणावे, हे केवळ आकड्याने ठरत नाही. ज्या गर्दीमुळे तेथील व्यवस्थेवर, म्हणजे पाणी, निवारा, दवाखाने व वाहतूक यांवर, तिच्या शक्तीबाहेर ताण पडू शकतो, तो महामेळावा होय. मोठ्या शहरात पन्नास हजार माणसे सहज सामावतील. तीच माणसे एखाद्या लहान खेड्यातील उरुसाला आली, तर तेथील एकुलती एक विहीर आणि एकुलता एक डॉक्टर यांचा निभाव लागणार नाही.

मेळाव्यात माणसे जशी भेटतात, तसे रोगही भेटतात. याचा कटू अनुभव जगाने पूर्वी अनेकदा घेतला आहे. सन १८६५ मध्ये हजच्या यात्रेत पटकीची साथ उद्भवली. त्या वर्षी जमलेल्या सुमारे नव्वद हजार यात्रेकरूंपैकी पंधरा हजारांच्या आसपास माणसे दगावली असा अंदाज आहे. जे वाचले ते आगबोटीने व आगगाडीने परतीच्या वाटेला लागले आणि त्यांच्याबरोबर पटकीही निघाली. प्रथम इजिप्त, नंतर भूमध्य समुद्राकाठची बंदरे, मग युरोप असा तिचा प्रवास झाला. तिने इतकी दहशत बसविली की, पुढच्याच वर्षी, सन १८६६ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल येथे अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींना आरोग्यपरिषदेसाठी एकत्र यावे लागले. त्यानंतर सन १८६७ मध्ये हरिद्वारच्या कुंभमेळ्यात तीच आपत्ती ओढवली. मेळा पांगला आणि घरी परतणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवाटेने पटकी उत्तर हिंदुस्थानात पसरली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. रोगाचे बीज शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंत काही काळ जातो. पटकीच्या बाबतीत हा काळ काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. मेळाव्यात दूषित पाणी प्यालेला मनुष्य तेथे धडधाकट दिसतो आणि आजारी पडतो तो वाटेत किंवा घरी गेल्यावर. पूर्वी माणसे पायी अथवा बैलगाडीने जात, तेव्हा रोगही त्याच चालीने जाई. आगगाडीने रोगाला वेग दिला, विमानाने त्याला पंख दिले. सन २००० मध्ये हजच्या यात्रेत मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या ज्वराची साथ उद्भवली, तेव्हा यात्रेकरू स्वदेशी पोहोचताच युरोपसह अनेक खंडांत रुग्ण आढळू लागले. त्या अनुभवावरून पुढे हजला जाणाऱ्यांसाठी त्या रोगाच्या चार प्रकारांविरुद्धची लस सक्तीची करण्यात आली.

यावरून उघड होते की, मेळाव्याच्या आरोग्याचा खरा शत्रू केवळ जंतू नव्हे. उशीर हाही तितकाच मोठा शत्रू आहे. साथ पहिल्या दहा रुग्णांतच ओळखली गेली, तर एक विहीर बंद करून भागते. ती हजार रुग्णांनंतर ओळखली, तर गावेच्या गावे बंद करावी लागतात.

हा उशीर कोठे होतो ते पाहण्यासारखे आहे. यात्रेच्या दवाखान्यातील एखादा तंबू डोळ्यांपुढे आणावा. बाहेर रुग्णांची रांग लागलेली आहे. आत डॉक्टर एकामागून एक रुग्ण तपासत आहेत. शेजारी बसलेला कर्मचारी नोंदवहीत नाव, वय, गाव, तक्रार आणि दिलेले औषध लिहीत आहे. दिवसाला अशी कित्येक पाने भरतात. त्या पानांत सर्व काही असते. कोणत्या दिवशी किती जणांना जुलाब झाले, ते कोणत्या भागात उतरले होते, त्यांत लहान मुले किती, हे सारे तेथे लिहिलेले असते. परंतु दमलेल्या त्या माणसांना मागील पाने उलटून बेरीज करण्यास सवड नसते. शिवाय शेजारच्या तंबूतील नोंदवहीत काय आहे, हे या तंबूला ठाऊक नसते. मेळा संपल्यावर वह्या कपाटात जातात. ज्ञान असते, पण ते वेळेवर कोणाच्या हाती येत नाही.

भारतात सन २००४ पासून साथीच्या रोगांवर देखरेख ठेवणारी एक राष्ट्रीय योजना आहे. आरोग्यसेवकाने लक्षणांची, डॉक्टरांनी संभाव्य रोगाची आणि प्रयोगशाळेने सिद्ध झालेल्या रोगाची माहिती तीन निरनिराळ्या तक्त्यांत भरावयाची, अशी तिची रचना करण्यात आली. हे तक्ते आठवड्यातून एकदा वर पाठवीत असत. सन २०२१ मध्ये ही व्यवस्था संगणकीय करण्यात आली. आठवड्याचा हिशेब एरवीच्या दिवसांत उपयोगी पडतो. परंतु ज्या मेळ्यात आज आलेला यात्रेकरू परवा परत जातो, तेथे आठवडा म्हणजे एक युगच होय. तेथे दिवसाचा, किंबहुना तासाचा हिशेब हवा. तो ठेवण्याचे साधन आता पुष्कळांच्या खिशात असते. ते साधन म्हणजे मोबाइल.

रोग कोठे झाला याची खूण नकाशावर करावी, ही कल्पना मात्र मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. सन १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीने सहाशेहून अधिक बळी घेतले. त्या वेळी जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी घरोघर चौकशी करून प्रत्येक मृत्यू कोठे झाला हे शोधले. ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती मृत्यूंची दाटी असल्याचे त्यांना आढळले. त्यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. पटकीचा जंतू तेव्हा वैद्यकाला परिचित झाला नव्हता. तरीही कोण, कोठे आणि केव्हा या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी स्नो योग्य पंपापर्यंत पोहोचले. आजचे आरोग्यविषयक ॲप हेच तीन प्रश्न विचारते. स्नो यांना जे पायपीट करून मिळवावे लागले, ते हजारो ठिकाणांहून एकाच वेळी मिळावे, एवढाच त्याचा उद्देश असतो.

मेळाव्यात मोबाइलचा असा उपयोग दोन रीतींनी होतो. पहिल्या रीतीत ॲप डॉक्टरांच्या किंवा आरोग्यसेवकांच्या हाती असते. दुसऱ्या रीतीत ते स्वतः यात्रेकरूच्या हाती असते.

पहिल्या रीतीचे एक ठळक उदाहरण सन २००९ च्या हजयात्रेत घडले. त्या वर्षी नव्या प्रकारच्या फ्लूची साथ साऱ्या जगात पसरली होती आणि वीस लाखांहून अधिक यात्रेकरू मक्केत एकत्र येणार होते. सौदी अरबस्तानच्या आरोग्यखात्याने अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या साहाय्याने एक योजना आखली. ज्या नऊ रोगांची खबर देणे आवश्यक होते, त्यांचे तक्ते मोबाइलवर बसविण्यात आले. रुग्ण आढळताच माहिती तेथल्या तेथे भरावयाची आणि ती मध्यवर्ती कचेरीत पोहोचवावयाची, अशी व्यवस्था झाली. कागद घेऊन गर्दीतून वाट काढणारा जासूद त्यामुळे अनावश्यक ठरला.

भारतातही असे प्रयोग झाले आहेत. सन २०१३ मध्ये प्रयागच्या कुंभमेळ्यात हार्वर्ड विद्यापीठाचे एक पथक आले होते. या पथकाने मेळ्यातील दवाखान्यांच्या कागदी नोंदी हातातील लहान संगणकांवर उतरविल्या आणि रोजचे आलेख काढले. पुढे सन २०१५ मध्ये नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थातही हे साधन वापरण्यात आले. त्याच सिंहस्थाच्या तयारीसाठी अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत संशोधन करणारे नाशिकचे सुपुत्र रमेश रासकर यांनी तरुणांना एकत्र आणून 'कुंभथॉन' हा उपक्रम सुरू केला होता. शहराच्या अडचणी ओळखाव्यात आणि त्यांवर स्वतः तोडगे शोधावेत, हा त्याचा हेतू होता. गर्दीचा अंदाज घेण्यासाठी पावले मोजणारी चटई आणि डॉक्टरांकडून आजारांची माहिती गोळा करणारे ॲप अशी साधने त्यातून पुढे आली. २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबर या पर्वणींच्या दिवशी गोदाकाठी माणसांचा पूर लोटला असता, आरोग्याची नोंद ठेवण्याचे हे नवे प्रकार तेथे पारखले गेले.

अशा नोंदींत केवळ आकडे पाहून चालत नाही, त्यांचा अर्थ लावावा लागतो. समजा, एका दवाखान्यात रोज चारशे रुग्ण येतात आणि त्यांतील वीस जणांना जुलाबाची तक्रार असते. पर्वणीच्या दिवशी जुलाबाचे साठ रुग्ण आले. हा आकडा तिप्पट झाला म्हणून लगेच घाबरावे काय? त्या दिवशी एकूण रुग्ण बाराशे आले असतील, तर प्रमाण पूर्वीइतकेच, म्हणजे शंभरांत पाच, राहिले. गर्दी वाढली म्हणून रुग्ण वाढले. साथ आलेली नाही. परंतु एकूण रुग्ण चारशेच असून जुलाबाचे साठ असतील, तर प्रमाण शंभरांत पंधरा झाले. आता मात्र धोक्याची घंटा वाजलीच पाहिजे. हा हिशेब यंत्र क्षणात करते आणि तोच नकाशावर मांडून साठांपैकी पन्नास रुग्ण एकाच भागातील आहेत, हेही दाखवते.

दुसरी रीत अधिक नवी आहे. आजारी पडणारा प्रत्येक मनुष्य दवाखान्यात जात नाही. थोडा ताप, थोडी कणकण असेल, तर बहुतेक लोक ती अंगावर काढतात. परगावी असताना तर हे अधिकच घडते. म्हणून डॉक्टरांच्या नोंदवहीत कधीच न येणारे पुष्कळ आजार असतात. ते कळावेत म्हणून प्रवाशालाच विचारावे, या विचारातून सन २०१४ मध्ये ब्राझील देशाच्या आरोग्यखात्याने एक ॲप प्रचारात आणले. त्या वर्षी तेथे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा बारा शहरांत खेळली जाणार होती. त्यांपैकी फोर्तालेझा हे शहर ज्या प्रांतात आहे, तेथे त्याच सुमारास गोवराची साथ चालू होती. त्यामुळे सावधगिरीला विशेष महत्त्व होते.

या ॲपची रीत अगदी साधी होती. 'आज प्रकृती कशी आहे?' एवढाच पहिला प्रश्न. 'बरी आहे' असे उत्तर दिले की काम संपले. 'बरी नाही' असे म्हटल्यास दहा लक्षणांची यादी पुढे येई. त्यांतून लागू असतील ती लक्षणे निवडावयाची. आलेल्या उत्तरांवरून श्वसनाचे विकार, जुलाबाचे विकार आणि अंगावर पुरळ उठणारे विकार असे तीन गट पाडले जात. लोकांनी रोज आठवणीने उत्तर द्यावे म्हणून त्या प्रश्नोत्तरांना खेळाचे रूप दिले होते. चार हजार सातशेहून अधिक लोकांनी ते ॲप प्रत्यक्ष वापरले आणि त्यांच्याकडून सत्तेचाळीस हजारांहून अधिक नोंदी मिळाल्या. दोन वर्षांनी रिओ दी जानेरो येथील ऑलिंपिकच्या वेळी ब्राझीलने याच धर्तीचे ॲप 'आरोग्याचे रक्षक' अशा अर्थाच्या नावाने पुन्हा उपयोगात आणले.

स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठानेही या दिशेने काम केले आहे. तेथील संशोधकांनी प्रथम थायलंडला जाणाऱ्या स्विस प्रवाशांना रोज प्रश्न विचारणारे ॲप देऊन पाहिले. त्यानंतर सन २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अनेक भाषांत चालणारे एक ॲप सुरू झाले. प्रवासी आपली लक्षणे त्यात नोंदवितो, त्याचे ठिकाण मोबाइलवरून कळते आणि तेथील हवामानाशी त्याची सांगड घालता येते. प्रवासी पुढल्या देशात गेला, तरी नोंद खंडित होत नाही. मेळाव्यातील तंबू मेळा संपताच मोडतात. प्रवाशाच्या खिशातील साधन मात्र त्याच्याबरोबर घरापर्यंत जाते. परतल्यानंतर उद्भवणारा आजार टिपण्याची ही सोय विशेष मोलाची आहे.

इतके असूनही, ॲप म्हणजे वैद्य नव्हे. ते रोगाचे निदान करीत नाही, केवळ इशारा देते. इशारा मिळाला की, खरे काम सुरू होते आणि ते काम माणसांचेच असते. आरोग्याधिकारी त्या भागात जातात, रुग्णांना भेटतात, नमुने प्रयोगशाळेत पाठवितात, पाण्यातील क्लोरीनचे प्रमाण तपासतात, शंकास्पद टाकी बंद करवितात आणि लोकांना शुद्ध पाणी पुरवितात. पुष्कळदा इशारा खोटाही ठरतो. एखाद्या तंबूत तिखट जेवणाने दहा जणांची पोटे बिघडली, तरी नकाशावर तांबडा ठिपका उमटतो. खोट्या इशाऱ्याने एक फेरी वाया जाते. दुर्लक्षिलेल्या खऱ्या इशाऱ्याने माणसे जातात. म्हणून अनुभवी अधिकारी प्रत्येक इशाऱ्याची शहानिशा करतो, परंतु शहानिशा होण्यापूर्वी गाजावाजा करीत नाही. गर्दीत अफवा रोगाहून वेगाने पसरते आणि अफवेने घाबरलेली गर्दी स्वतःच संकट होऊन बसते.

या साधनाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. पहिली मर्यादा संख्येची. ब्राझीलमधील त्या सामन्यांना एकूण चौतीस लाखांहून अधिक प्रेक्षकांची उपस्थिती होती. त्या मानाने चार हजार सातशे ही संख्या किती अल्प आहे! दुसरी मर्यादा मौनाची. एखाद्याने चार दिवस उत्तर दिले आणि पाचव्या दिवशी दिले नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? तो बरा आहे, कंटाळला आहे, त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली आहे, की उत्तर देण्याइतकेही त्राण त्याच्यात उरले नाही? यंत्राला या चार मौनांतील भेद कळत नाही. तिसरी मर्यादा संपर्काची. लाखो लोक एकाच जागी एकाच वेळी मोबाइल वापरू लागले की, संदेश जागच्या जागी अडकतात. म्हणून चांगली ॲप्स माहिती आधी साठवून ठेवतात आणि संपर्क मिळताच पुढे धाडतात.

चौथी गोष्ट विश्वासाची आहे. आपला आजार आणि आपला ठावठिकाणा या दोन्ही माणसाच्या खाजगी गोष्टी होत. सन २०२० मध्ये कोविडच्या काळात भारत सरकारने 'आरोग्य सेतू' हे ॲप आणले. कोट्यवधी लोकांनी ते घेतले आणि त्याचबरोबर, गोळा झालेली माहिती कोण पाहणार व किती दिवस ठेवणार, असे प्रश्नही देशात विचारले गेले. सन २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी कायदा केला. ताप आहे असे सांगितले, तर यात्रेतून परत पाठवितील, ही भीती ज्याच्या मनात आहे, तो यात्रेकरू 'मी बरा आहे' असेच उत्तर देईल. खरे बोलणाऱ्याला शिक्षा होणार नाही, मदतच मिळेल, अशी खात्री असेल तरच माहिती खरी मिळते. शंभर खोट्या उत्तरांपेक्षा दहा खरी उत्तरे अधिक मोलाची असतात.

परंतु सर्वांत गंभीर मर्यादा सन २०२४ च्या हजने जगापुढे आणली. त्या वर्षी जून महिन्यात मक्केतील तापमान ५१ अंश सेल्सिअसच्या वर गेले. उष्णतेने आणि थकव्याने तेराशेहून अधिक यात्रेकरू मृत्यू पावले. सौदी सरकारने सांगितले की, त्यांपैकी शंभरांत त्र्याऐंशी जण रीतसर परवान्यावाचून आलेले होते. त्यांना गारवा असलेले तंबू नव्हते, गाड्यांची सोय नव्हती. निवारा नसताना भर उन्हात ते दूरवर पायी चालले. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत सरकारने हजयात्रींसाठी 'हज सुविधा' हे ॲप सुरू केले होते. संकटकाळी साहाय्य मागणे, उतरण्याच्या जागेची माहिती मिळविणे अशा सोयी त्यात होत्या. अशी साधने नाव नोंदविलेल्या यात्रेकरूला उपकारक ठरतात, यात शंका नाही. परंतु ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही, ज्याच्या हाती मोबाइल नाही, ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत, तोच बहुधा सर्वांत गरीब, सर्वांत वृद्ध आणि सर्वांत दुर्बल असतो. ज्याला देखरेखीची सर्वाधिक गरज, तोच देखरेखीच्या बाहेर राहतो. नकाशावर जेथे एकही ठिपका नाही, तेथे एकही रुग्ण नाही, असे मानणे म्हणूनच धोक्याचे असते.

या अडचणीवरील एक तोडगा महाराष्ट्राच्या परंपरेतच सापडण्यासारखा आहे. वारी ही विस्कळीत गर्दी नसते. पालखीच्या रथापुढे आणि रथामागे चालणाऱ्या दिंड्यांना ठरलेले क्रमांक असतात. प्रत्येक दिंडीची शिस्त असते, तिचे प्रमुख असतात, मुक्कामाच्या आणि जेवणाच्या व्यवस्थेसाठी वर्गणी असते. कोणाचे पाय सुजले, कोण कालपासून जेवलेले नाही, कोणती आजीबाई आज मागे पडली, हे सोबतच्या वारकऱ्यांना न विचारता कळते. महाराष्ट्राच्या आरोग्यखात्याने सन २०२३ मध्ये 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' हा उपक्रम सुरू करून पालखीमार्गावर वारकऱ्यांच्या तपासणीची व औषधोपचाराची सोय केली. अशा सोयीला दिंडीच्या आपुलकीची जोड देता येईल. प्रत्येक वारकऱ्याजवळ मोबाइल असण्याची आवश्यकताच काय? दिंडीतील एखाद्या शिकलेल्या मुलाने वा मुलीने दररोज संध्याकाळी मुक्कामावर राहुटीराहुटीतून फिरावे, विचारपूस करावी आणि सर्वांच्या वतीने एकाच मोबाइलवरून माहिती धाडावी. मग ज्या आजोबांना अक्षर येत नाही, त्यांचा तापही नकाशावर उमटेल. दोनशे माणसांमागे एक दक्ष कार्यकर्ता पुरेसा होईल. शिवाय यंत्राला न कळणारे मौन त्याला कळेल, कारण तो उत्तर न देणाऱ्याच्या उशाशी जाऊन बसेल.

पूर्वीचे वैद्य रुग्णाची नाडी पाहून त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधीत. लाखो लोकांच्या यात्रेलाही जणू एक नाडी असते. ती मंद चालते की जलद, नियमित की अडखळत, हे समजण्याचे नवे साधन विज्ञानाने दिले आहे. पण नाडीवर केवळ बोट ठेवून रोगी बरा होत नाही. त्यासाठी वैद्याची बुद्धी लागते, औषध लागते, स्वच्छ पाणी लागते आणि शेजाऱ्याच्या दुखण्याची आस्था लागते. जेथे या गोष्टी आहेत, तेथे मोबाइलचे मोल शतपट वाढते. यात्रेला निघालेला प्रत्येक मनुष्य जसा सुखरूप गेला, तसाच सुखरूप घरी परतावा आणि त्याच्याबरोबर घरी केवळ प्रसाद यावा, रोग येऊ नये, यातच सर्व व्यवस्थेची सार्थकता आहे.

शब्दार्थ

पटकी – कॉलरा. दगावणे – मरण पावणे. जासूद – निरोप पोहोचविणारा. पर्वणी – पुण्यस्नानाचा विशेष दिवस. शहानिशा – खरेखोटे पडताळून पाहणे. त्राण – शक्ती. राहुटी – लहान तंबू. आस्था – कळकळ.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) महामेळावा केवळ माणसांच्या संख्येवरून का ठरत नाही?
(आ) यात्रेच्या दवाखान्यातील नोंदवहीत माहिती असूनही तिचा वेळेवर उपयोग का होत नाही?
(इ) जॉन स्नो यांनी पटकीचे मूळ कसे शोधून काढले?

२. कारणे द्या :
(अ) यात्रेत झालेला रोग पुष्कळदा घरी परतल्यावर प्रकट होतो.
(आ) आजार लपविणारा यात्रेकरू स्वतःबरोबर इतरांनाही धोक्यात घालतो.
(इ) नकाशावर ठिपका नसलेला भाग निरोगी आहे असे मानू नये.

३. एका दवाखान्यात सोमवारी आठशे रुग्णांपैकी चाळीस जणांना आणि मंगळवारी पाचशे रुग्णांपैकी साठ जणांना जुलाबाची तक्रार होती. दोन्ही दिवसांचे शेकडा प्रमाण काढा व कोणत्या दिवशी सावध व्हावे ते सकारण सांगा.

४. 'उशीर हाही तितकाच मोठा शत्रू आहे', या विधानाचे पाठाच्या आधारे स्पष्टीकरण करा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : निभाव लागणे, अंगावर काढणे, गाजावाजा करणे, सांगड घालणे.

६. तुमच्या गावच्या जत्रेत आरोग्यरक्षणासाठी कोणती व्यवस्था असते याची वडील माणसांकडे चौकशी करा आणि त्यात विद्यार्थ्यांना कोणती मदत करता येईल, यावर पंधरा ओळी लिहा.